लोकरकाकूंचा आतला ब्लॉग

लोकरकाकूंचे ‘हे’ फार विनोदी आहेत, असं त्यांच्या सगळ्या वाचकांचं ठाम मत होतं. काकूंच्या विणकामाच्या ब्लॉगवर माणसं यायची नमुने बघायला, पण रेंगाळायची ती ह्यांचे टोमणे वाचायला. काकूंनी पायमोज्याची टाच कशी वळवायची ते फोटोंसकट, अगदी हात धरून शिकवल्यासारखं समजावलेलं असायचं, आणि शेवटी दोन ओळी: ‘टाच झाल्यावर ह्यांना दाखवली. म्हणाले, वळण झकास घेतलंस, पण इंडिकेटर दिला नाहीस.’ की झालं! खाली प्रतिक्रियांचा पाऊस. ‘काका भारीच!’ ‘काकांना नमस्कार सांगा.’ ‘आमच्याकडे एक असाच पाठवून द्या, आमचे नुसतेच घोरतात.’ दुसऱ्याचा संसार लोकांना नेहमीच गोड लागतो, त्यात तो लोकरीत गुंडाळून दिला तर विचारायलाच नको.

हे सगळं चालू होतं तेव्हा ‘हे’ बाहेरच्या खोलीत लोखंडी पलंगावर पडलेले होते. त्यांच्या तोंडून शब्द फुटायचा बंद होऊन काळ लोटला होता.

ते गाडी चालवायला शिकवायचे. आयुष्यभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसले, पायाशी स्वतःचा वेगळा ब्रेक ठेवून. बोलायचे भरपूर, पण ऐन गर्दीत बोलून उपयोग नसतो, शिकणारा आधीच घामाघूम असतो. म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली होती. डाव्या हाताच्या बोटात अंगठी होती, ती समोरच्या पत्र्यावर आपटायची. एकदा टक, म्हणजे चला. दोनदा, टक टक, म्हणजे थांबा. तरीही समोरचा थांबला नाही तर पुन्हा दोनदा, आणि मग पाय ब्रेकवर. शहरातली निम्मी माणसं त्या टकटकीवर गाडी शिकली, असं ते स्वतःच सांगायचे, आणि ते फारसं खोटंही नसावं.

मग एका सकाळी दात घासता घासता ते बेसिनपाशीच खाली बसले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरला तो डावा हात आणि त्यातली अंगठी. दवाखान्यातून घरी आणल्यावर त्यांनी आपणहून पलंगाच्या कठड्यावर ती आपटून दाखवली. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. डॉक्टर खूश झाले. काकूंना म्हणाले, “डोकं शाबूत आहे. सगळं ऐकतात, सगळं समजतं त्यांना.” बिचाऱ्यांनी ही गोष्ट आनंदाची म्हणूनच सांगितली होती.

घर दोन खोल्यांचं. बाहेर पलंग, आत स्वयंपाकघर, मध्ये दार नाही, नुसता पडदा. आत चमचा पडला तरी बाहेर कळायचं. त्यामुळे लांबच्या शहरात नोकरी करणाऱ्या लेकीचा फोन आला की मायलेकींचं बोलणं ठरलेलं असायचं.

“बाबा कसे आहेत?”

“बरे आहेत.”

“जेवले?”

“जेवले.”

“तू कशी आहेस?”

“मला काय धाड भरलीय?”

लेक काही बावळट नव्हती. ती एकदा चार दिवस राहायला आली तेव्हा तिनं आईच्या डोळ्यांखालची वर्तुळं पाहिली, कंबरेला बांधलेला पट्टा पाहिला, आणि कॉम्प्युटर उघडून बसली. आईच्या विणकामाच्या वर्गासाठी ही वेबसाइट तिनंच तयार केली होती. तिनं त्याच वेबसाइटवर आणखी एक ब्लॉग काढला, कुलूपबंद. मग आईला स्वयंपाकघरात ओढून नेऊन कानाशी कुजबुजली, “हा बाहेरचा, लोकांसाठी. हा आतला, फक्त तुझा नि माझा. फोनवर तुला बोलता येत नाही, कळतंय मला. लिहायला तर आवाज होत नाही ना? इथं खरं लिही. जसं असेल तसं. सोसवेनासं झालं की मला त्यातून कळू दे, मी येईन.”

“दोन वेगवेगळ्या वेबसाइट कर की मग.”

“तुला एक पासवर्ड धड लक्षात राहत नाही, दोन कुठून राहणार? आणि तुझ्या फोनवर तर पासवर्ड टाकायचीही गरज नाही. उघडलंस की दोन्ही ब्लॉग एकाखाली एक दिसतील, नवीन लिहिलेलं वर. आतल्यापुढे कुलपाचं छोटं चित्र असेल. बाहेरच्या लोकांना ते दिसणारच नाही.”

काकूंना ही व्यवस्था पटली. कुणालाही पटली असती.

मग हळूहळू त्यांची लिहिण्याची एक रीत पडून गेली. दुपारी ह्यांचा डोळा लागला की त्या ओट्यापाशी स्टुलावर बसायच्या. आधी आतलं लिहायचं. ते लिहून झालं की त्यातलाच एखादा धागा ओढून बाहेरचं. आत लिहायचं: ‘तुझ्या बाबांनी आज सूप भिंतीवर थुंकलं. मी भांडं आपटलं, ओरडले, मग भिंत पुसली. भिंत पुसताना ते माझ्याकडे बघत होते आणि मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांना तसंच ओलं ठेवून आत आले.’ आणि बाहेर: ‘आज सूप चाखून आमचे हे म्हणाले, मीठ घालायचं राहिलं का लोकर उकळलीस?’ सुरुवातीला हे विनोद ह्यांचेच जुने, आठवून आठवून लिहिलेले असायचे. ते संपल्यावर काकू नवे बनवू लागल्या. इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर ते काय म्हणाले असते हे त्यांना विचारावं लागत नव्हतं.

बाहेरचं लिहिलेलं ह्यांना संध्याकाळी वाचून दाखवायचं, हाही नेम झाला. स्वतःच्या न बोललेल्या विनोदावर ह्यांच्या तोंडाची डावी बाजू वर जायची. दिवसभरात तेवढं एकच हसू. काकू म्हणायच्या, या हसण्यासाठी तर मी लिहिते, आणि ते खरं होतं. पण आतलं लिहिलं नसतं तर त्यांना वेड लागलं असतं, हेही तितकंच खरं होतं. त्यांना धास्ती एकाच गोष्टीची होती. आतलं कधीही ह्यांच्या कानावर पडू नये. बाकी जगाला कळलं असतं तरी त्या एक वेळ तोंड वर करून जगल्या असत्या.

लेक मात्र आतलं रोज वाचत होती, आणि वाचून वाचून तिचा धीर सुटत चालला होता. शेवटी तिनं लांबलचक सुट्टी टाकली आणि ती मंजूरही झाली. पुढच्या महिन्यात ती येणार होती. तिच्या घराजवळ अशा रुग्णांची देखभाल करणारं चांगलं ठिकाण होतं, तिथं बाबांना ठेवायचं, आईनं तिच्याकडे राहायचं आणि रोज जाऊन भेटायचं, असा सगळा बेत तिनं आतल्या ब्लॉगखालीच लिहून पाठवला होता. काकूंनी तो इतक्यांदा वाचला की पाठ झाला. पाठ मोडून गेली होती, हातांना कंप सुटला होता, विणताना टाके निसटत होते. पुढचा महिना एवढाच त्यांना आधार होता.

शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. सगळे त्यांना बाई म्हणत. काकूंना औषधं, भाजी आणायला जायचं असलं की बाई ह्यांच्यापाशी येऊन बसायच्या. नुसतं बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, म्हणून त्या वाचायच्या. खणखणीत आवाजात, स्वल्पविरामाला थांबून, पूर्णविरामाला श्वास घेऊन. वर्तमानपत्र वाचून संपलं की स्वतःच्या फोनवर काकूंचा ब्लॉग. वाक्य अर्ध्यात सोडणं हे त्यांच्या लेखी पाप होतं, आणि त्यासाठी त्यांनी आयुष्यात पुष्कळ पोरांना बाकावर उभं केलं होतं.

त्या दिवशी काकू दुपारचं आतलं लिहून स्टुलावरून उठल्या तेवढ्यात औषधाची बाटली संपल्याचं लक्षात आलं. बाहेरचं लिहायचं तसंच राहिलं. बाईंना हाक मारली. बाई आल्या त्या हात हलवतच.

“अगं, माझा फोन दुरुस्तीला टाकलाय. तुझा ठेवून जा ना. तुझं नवीन काही आलं असेल तर वाचून दाखवते ह्यांना.”

काकूंनी फोन दिला. आतल्याला कुलूप आहे ना, एवढंच त्यांच्या मनात होतं. ते कुलूप बाहेरच्यांसाठी होतं आणि आपला फोन म्हणजे घराच्या आतला माणूस, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. पिशवी घेतली, चपला घातल्या, गेल्या.

औषधाच्या दुकानात गर्दी होती. रांगेतला पुढचा माणूस गोळ्यांच्या रंगावरून दुकानदाराशी हुज्जत घालत होता. काकू भिंतीला टेकल्या आणि त्यांना बरं वाटलं. अशा चार मिनिटांत कुणी त्यांना काही मागत नव्हतं, त्यामुळे हल्ली त्यांना रांगा आवडू लागल्या होत्या.

परतल्या तेव्हा बाई दारात उभ्या होत्या, आणि फोन त्यांनी दोन्ही हातांत असा धरला होता की जणू तो गळतो आहे.

“मला माफ कर गं,” बाई म्हणाल्या. “सुरुवात नेहमीसारखीच होती. मला वाटलं, पुढं गंमत येईल. वाक्य वाचून झाल्यावर कळलं मला, काय वाचलं ते.”

“कोणतं वाक्य?” काकूंनी विचारलं.

बाईंनी फोन पुढे केला. पडद्यावर कुलपाचं चित्र होतं, आणि खाली काकूंचं दुपारचं लिहिणं. ‘आज ह्यांना आंघोळ घातली. केसांना तेल लावलं. एक गोष्ट तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. सकाळी उठल्यावर मी आधी तुझ्या बाबांच्या छातीकडे बघते. ती वरखाली होत असते. आणि माझा धीर खचतो.’

“इथपर्यंत वाचलं,” बाई म्हणाल्या. “पूर्णविरामापर्यंत.”

काकूंनी चप्पल काढली, पिशवी ठेवली. बाहेरच्या खोलीत गेल्या. हे छताकडे बघत होते. छाती वरखाली होत होती. काकूंना ती बघवेना आणि दुसरीकडे कुठं बघावं तेही कळेना. त्यांना लाज वाटली, भयंकर लाज, आणि त्या लाजेखाली कुठंतरी रागही होता, की माझी तेवढी एक जागा होती, तीही यांनी ऐकून घेतली.

संध्याकाळी त्या नेमाप्रमाणे खुर्ची ओढून बसल्या. बाहेरचं काहीतरी घाईघाईनं लिहिलं होतं. वाचायला तोंड उघडलं.

टक टक.

“बरं, कालचं वाचू? टोपीचं?”

टक टक.

काकूंनी फोन मांडीवर ठेवला. आत नळाचं पाणी थेंब थेंब पडत होतं. त्यांनी विचारलं, “ते दुसरं वाचू का?”

टक. एकदाच.

“नको हो. त्यात काही चांगलं नाही.”

टक.

मग काकूंनी वाचलं. पहिल्या दिवसापासून. सूप, भिंत, ओली चादर, धरलेली कंबर, देवाला घातलेल्या शिव्या, ह्यांना घातलेल्या शिव्या, खाली लेकीनं लिहिलेला बेत, सगळं. एका बैठकीत होण्यासारखं नव्हतं, रोज थोडं थोडं वाचत गेल्या. वाचताना आवाज फुटायचा, तेव्हा थांबायच्या, आणि कठड्यावर टक व्हायचं, चला. ह्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायचं, ते पुसायला काकू वाचणं थांबवायच्या तर पुन्हा टक. पाणी वाहू दे, तू वाच. सांगायला विचित्र वाटेल, पण ते दिवस काकूंना वाईट गेले नाहीत. कुणीतरी शेजारी बसून त्यांचं ऐकत होतं. वाचून झाल्यावर त्या उशीवर डोकं टेकवून तशाच बसून राहायच्या, आणि अंगठीचं बोट त्यांच्या केसांतून हळूहळू फिरायचं.

जुनं सगळं वाचून संपलं तिथं पंचाईत झाली.

दुपारी स्टुलावर बसून त्यांनी आतलं लिहायला घेतलं. ‘आज’ असं लिहिलं आणि हात थबकला. हे संध्याकाळी वाचायचं आहे. त्यांच्यासमोर. सकाळी त्यांनी खांदा धरून ह्यांना कुशीवर वळवलं तेव्हा कंबरेतून अशी कळ गेली होती की त्या जमिनीवर बसल्या होत्या, आणि बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं होतं की आता उठूच नये. हे लिहायचं? नेहमी लिहिलं असतं. पण पडद्यापलीकडे तो माणूस जागा होता, आणि छातीचं ते वाक्य ऐकून झाल्यावरही त्यानं काकूंच्या केसांतून बोट फिरवलं होतं. त्याला आणखी एक घाव घालायचा? काकूंनी लिहिलं, ‘आज तुझ्या बाबांना कुशीवर वळवलं. जमलं.’

दुसऱ्या दिवशी लिहिलं, ‘कंबर बरी आहे.’ पुढं सवय होत गेली. विणणारीचा हात तो, एकदा नमुना बसला की डोळे मिटून चालतो. आतला ब्लॉग दिवसेंदिवस बाहेरच्यासारखा होत गेला, फक्त विनोद तेवढे नव्हते. लेकीला निराळा मेसेज करता आला असता. कोण अडवत होतं? पण जे एकदा त्यांच्या आवाजात, त्या खोलीत वाचलं गेलं होतं, ते पुन्हा कुठंही लिहायला काकूंचा हात धजेना. आपण तसं काही लिहिलंच नव्हतं, असं त्यांना वाटून घ्यायचं होतं.

ह्यांना मात्र ते पटत नव्हतं. काकू वाचायच्या, “आज मला शांत झोप लागली.” टक टक. “अहो, लागली की!” टक टक. रात्रभर काकूंचा डोळ्याला डोळा लागलेला नाही हे त्याच खोलीत जागणाऱ्या माणसाला कोण शिकवणार? काकू दुर्लक्ष करून पुढचं वाचायच्या. “हल्ली सकाळी ह्यांची छाती वरखाली होताना दिसली की हायसं वाटतं.” कठड्यावर बोट इतक्या जोरानं आपटलं की अंगठीखालचं कातडं सोललं. काकूंनी मलम लावलं आणि दटावलं, “लहान मुलासारखं काय करता?”

महिना सरत आला. त्या दिवशी आतल्या ब्लॉगखाली लेकीचं उत्तर आलं होतं. काकूंनी ते संध्याकाळी नेहमीसारखं मोठ्यानं वाचलं, ह्यांच्यापासून लपवायचं आता काही उरलंच नव्हतं.

“आई, गेले काही दिवस तुझं वाचून जीव भांड्यात पडला. फोनवर तू ‘बरं आहे’ म्हणतेस त्यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण इथं तू खोटं लिहीत नाहीस, म्हणून विश्वास बसतो. इकडे कामाचा डोंगर पडलाय. सुट्टी पुढं ढकलली तर चालेल का? पुन्हा कधी मिळेल माहीत नाही, वर्ष जाईल कदाचित. तुला जरा जरी जड जात असेल तर सांग, मी सगळं सोडून येते. तू म्हणशील तसं.”

वाचून संपलं. काकू फोनकडे बघत बसल्या. त्यांना खूप वाटलं, ये म्हणून लिहावं. फक्त एक शब्द. ये. पण मान वर केली तर समोर हे होते, आणि त्यांच्यादेखत ‘ये’ लिहिणं म्हणजे ‘यांना घेऊन जा, माझ्यानं होत नाही’ असं तोंडावर सांगण्यासारखं होतं. त्यांनी टाइप केलं: ‘ढकल पुढं. आमचं छान चाललंय.’

टक टक.

काकूंनी बघितलं. ह्यांचे डोळे त्यांच्यावर नव्हते, फोनवर होते.

“अहो, तिला तिची नोकरी आहे. आपलं काय, चाललंय की.”

टक टक. थोडं थांबून पुन्हा टक टक. शिकाऊ माणूस थांबत नाही म्हटल्यावर ते असंच करायचे. पलंगाच्या पायथ्याशी चादरीखाली त्यांचा डावा पाय किंचित हलला आणि राहिला.

काकूंनी उत्तर पाठवून दिलं. मग त्या सूप गरम करायला उठल्या. गॅस पेटवला, भांडं ठेवलं, चमच्यानं ढवळत उभ्या राहिल्या. पडद्याआडून त्यांना कठड्यावरची ती टकटक बराच वेळ ऐकू येत होती.